जावेच्या लेकीचा मेल

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं.

ती माझ्या दिराची बायको. नववी शिकलेली. राहायला केडगावला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. मी तळेगाव ढमढेऱ्यात. माझं बाजारपेठेत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पॅन, बसचा पास, सातबारा, कॉलेजचे प्रवेश, भरतीचे अर्ज, सगळं होतं. लोक मला मॅडम म्हणतात. पण भावकीत कुठल्याही लग्नाला गेले की मांडवाच्या दारातच पहिला प्रश्न येतो, "धाकटी न्हाई आली व्हय?" मी समोर उभी असते, ठसठशीत, पैठणी नेसून. तरी विचारतात. सासूबाई शेवटची चार वर्षं तिच्याकडंच राहिल्या. का, तर तिकडचं पाणी मानवतं. वीस वर्षं माझ्या घरचं पाणी प्यायल्या तेव्हा काही झालं नव्हतं.

आम्हा दोघींना एकेक लेक, तीन महिन्यांच्या अंतरानं झालेल्या. दोघी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाल्या. तिची पुण्याला रेल्वेनं जाऊन, माझी शिरूरला एसटीनं. दोघींना जवळपास सारखेच मार्क. दोघींनी रांजणगावच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमधल्या जागेसाठी अर्ज केला. दोघींचे अर्ज भरले मी, माझ्या दुकानात, माझ्या हातानं. आणि दोघींच्या अर्जावर मेल टाकला दुकानाचा.

आता शिकल्यासवरल्या माणसाला वाटेल, बीएस्सी झालेल्या पोरीचा स्वतःचा मेल नसतो का? असतो. पण आमच्याकडं रीत अशी की फॉर्म भरणारीचा मेल तोच सगळ्यांचा मेल. निम्म्या गावाची पत्रं माझ्या एका खोक्यात येऊन पडतात. बांगडीवाल्या चाचीच्या मुलाचं हॉल तिकीट, आप्पांचं विम्याचं, कुणाचं काय, कुणाचं काय. लोक येताजाता दारातून विचारतात, "मॅडम, आमचं काय आलं का?" मला ते आवडायचं. गावाच्या किल्ल्या आपल्या कमरेला आहेत असं वाटायचं. त्यातनं पुतणीची पत्रं माझ्याकडं यायला आणखी एक कारण होतं, ते लग्नपत्रिकेचं.

झालं असं की उन्हाळ्यात जावेच्या फोनवर एक पत्रिका आली. अनोळखी नंबर, खाली नुसतं लिहिलेलं, लग्नाला यायचं हं. तिनं उघडली. कागदाची पत्रिका असती तर तिच्यावर हळदीकुंकू असतं, ही नुसती फाइल होती. फोनमध्ये काहीतरी शिरलं आणि तीच पत्रिका तिच्या फोनवरून सगळ्या पाहुण्यांना जायला लागली. दिरानं धावपळ करून सिम काढलं, बँकेत कळवलं, म्हणून थोडक्यात निभावलं. मी तिला विचारलं, "अगं, नंबर ओळखीचा न्हाई, कुणाचं लग्न ते ठाऊक न्हाई, उघडलीसच कशाला?"

"अक्का, पत्रिका आली आन् उघडली न्हाई, असं कसं चालंल? लोक जन्मभर बोलून दाखवत्यात. मला वाटलं, सोयऱ्यातलंच कुणीतरी असंल."

आमच्या भागात माणूस दुखणं विसरंल, पण लग्नाला न आलेला पाहुणा विसरत नाही. शहरातल्या बाईनं ती पत्रिका पुसून टाकली असती. आमच्या बाईला वाटतं, कुणाचा मान द्यायचा राहून गेला.

पण मला खरं झोंबलं ते वेगळंच. तिच्या फोनवरून गेलेली ती पत्रिका कितीतरी पाहुण्यांनी पटापट उघडली, धाकटीनं पाठवलीय म्हणून. माझ्या फोनवरून गेली असती तर निम्म्यांनी उघडलीच नसती. त्यातल्या एकानं तर नंतर तिला फोन करून विचारलं म्हणे, लग्न नेमकं कधी आहे. रागावलं कुणीच नाही.

तेव्हा तिनं जाहीर केलं, "आता आमच्या घरात कुणी काय बी उघडायचं न्हाई. पोरीचं सगळं अक्कांच्या मेलवर घ्या. त्यांना कळतं." पुतणीनं जरा तोंड वाकडं केलं, पण बापाचाही तोच हुकूम होता. मी मान डोलावली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कळतं, हे खोटं नव्हतं. ग्रामपंचायतीत सायबर पोलिसातल्या बाई येऊन बोलून गेल्या तेव्हा प्रोजेक्टर मीच लावला होता. त्यांनी सांगितलेलं मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दुकानाच्या भिंतीला चिकटवलं. अनोळखी मेल उघडू नका. घाई करणाऱ्या मेलवर विश्वास ठेवू नका. ज्यात तुमचं नाव नाही, नुसतं प्रिय ग्राहक लिहिलंय, त्यापासून सावध. पासवर्ड कुठंही टाकू नका. शंका आली तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याला माहीत असलेल्या ठिकाणी फोन करून खात्री करा. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते वाचून दाखवायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारखीलाच.

मुलाखती झाल्या. निकाल फक्त मेलवर कळवू, असं कंपनीनं दोघींना सांगितलं होतं. सोमवारी माझ्या लेकीचा मेल आला. तुमची निवड करू शकत नाही, दिलगीर आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. दोन ओळी. ती वाचून म्हणाली, "बरं, पुढच्या वेळी." आणि गवार निवडायला बसली. मी काउंटरवर येऊन दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण डाफरले.

बुधवारी सकाळी दुसरा मेल आला.

मेल न उघडताही वरची एक ओळ दिसते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. ठळक इंग्रजी अक्षरांत माझ्या पुतणीचं अख्खं नाव होतं, बापाच्या नावासकट. पुढं, निवड झाली आहे, कागदपत्रांची पडताळणी येत्या मंगळवारी दुपारी चारपर्यंत पूर्ण करावी, आणि तिथं ओळ तुटली होती. पाठवणाऱ्याचं नाव मात्र कंपनीचं नव्हतं. कुठलीतरी पडताळणी करणारी संस्था होती, मी कधी न ऐकलेली.

मी त्या ओळीकडं बघत बसले. आणि माझं डोकं किती झपाट्यानं चाललं ते आठवलं की आजही लाज वाटते. पाठवणारा अनोळखी. आत लिंक असणार. तारीख देऊन घाई केलेली. म्हणजे संशयास्पद. आणि संशयास्पद मेल उघडायचा नाही, भिंतीवर लिहिलंयच. मी तो उघडला नाही.

चौदा आणे मला ठाऊक होतं की मेल खरा आहे. दोन आणे शंका होती. त्या दोन आण्यांवर मी पुढचे दिवस काढले. रांजणगाव माझ्या दुकानापासून काही लांब नाही. शेजारच्या गाळेवाल्याचा मेहुणा त्याच कंपनीत शिफ्टला जातो. त्याच्याकडनं नंबर घेऊन फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. खात्री कशी करायची हे गावाला शिकवणारी मीच. पण मला खात्री नकोच होती.

शुक्रवारी जावेचा फोन आला. "अक्का, पोरीचं काय आलं का वो? लई वाट बघतीया."

खोटं बोलायचं नव्हतं मला. मी म्हणाले, "एक काहीतरी आलंय, पण मला संशयाचं वाटतंय. असलं उघडायचं नसतं."

"मग नका उघडू," ती लगेच म्हणाली. "पत्रिकेनं शानं केलंय मला. तुम्हाला कळतं, अक्का. तुम्ही हाय म्हणून बरं."

फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं एकदा तरी विचारावं, कुणाचा आहे, काय लिहिलंय. भांडावं. मग मी सांगितलंही असतं. ती विश्वास ठेवून मोकळी झाली आणि ओझं माझ्या डोक्यावर टाकून गेली, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात हेही वाटलं की बरं झालं. कशाला सगळं तिलाच? सासू तिला, पाहुणे तिला, सोयरीक जुळवायला तिला बोलावणार, आता नोकरीसुद्धा तिच्याच पोरीला. माझी पोर काय कमी शिकली? आपला तो बाळ्या, हे कळत होतं मला. कळून उपयोग काय. शनिवारी, रविवारी मी तो मेल तिथंच ठळक अक्षरांत ठेवला आणि नवीन मेल त्याच्या डोक्यावर साचू दिले, तो खाली खाली सरकावा म्हणून.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला एक मेल आला. प्रिय उमेदवार, अभिनंदन, प्रतीक्षा यादीतून तुमची निवड झाली आहे. नियुक्तीपत्र पाहण्यासाठी दोन तासांत खाली क्लिक करा.

प्रतीक्षा यादी म्हणजे माझी लेक. दुसरं कोण? देवानं ऐकलं. मी क्लिक केलं. पान उघडलं, त्यावर मेलचा पासवर्ड मागितला, पत्र पाहण्यासाठी. मी टाकला. एकदा चुकला म्हणाला, म्हणून परत टाकला. मग पांढरं पान आलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं, नेट गेलं. आमच्याकडं जातंच.

पावणेएकला एकाचा फॉर्म काढायला मेल उघडायला गेले तर पासवर्ड चालेना. परत टाकला. चालेना. विसरला असाल तर म्हणून पुढं गेले, तर कोड जाणार होता माझ्या जुन्या नंबरवर, जो बंद होऊन दोन वर्षं झाली होती. तो बदलून घ्या, मोबाइलवर येणाऱ्या कोडचं दुसरं कुलूप लावून घ्या, हेही मी लोकांना सांगायचे. स्वतः केलं नव्हतं. तेव्हा मला तो मेल शब्द न शब्द आठवला. प्रिय उमेदवार. माझ्या लेकीचं नाव त्यात नव्हतंच. कंपनीचंसुद्धा नाव नव्हतं. भिंतीवरच्या कागदातली एकूण एक खूण त्याच्यात होती, आणि मी त्या कागदाखाली बसून पासवर्ड टाकला होता, एकदा नाही, दोनदा.

मी शटर अर्धं खाली ओढलं. लेक डबा घेऊन आली ती वाकून आत शिरली. मी तिला सांगितलं, मेल गेला. ती शहाणी आहे माझी. आधी म्हणाली, ज्यांचे ज्यांचे कागद आहेत त्यांना आजच सांगू, कुणाला काही आलं तर उघडू नका म्हणून. सायबरच्या नंबरवर तिनंच फोन लावला, तक्रार लिहून दिली. मग एकदम थांबली.

"आई, तिचं काय? तिचा निकाल याच मेलवर येणार हुता."

मी काउंटरवरचे कागद नीट लावायला घेतले.

"आलता का?"

चोराच्या मनात चांदणं. ती साधंच विचारत होती, मला मात्र वाटलं तिला सगळं कळलंय. मी सांगितलं, बुधवारी आला, मी उघडला नाही, संशयास्पद होता.

"मग तुला कसं ठाऊक निकालाचा हुता म्हणून?"

मी शटरकडं बघितलं. ती म्हणाली, "मला नकार आला तवा ती माझ्याशी तासभर बोलली फोनवर. माझं झालं तर आत पाय ठिवल्या ठिवल्या तुझं विचारीन म्हणली. आन् तू..." डबा काउंटरवर ठेवून निघून गेली.

मेल आता उघडायचा म्हटलं तरी उघडता येणार नव्हता. तो चोराच्या हातात होता. पण मंगळवार, दुपारी चार, हे माझ्या डोक्यात होतं. ते पोरीला कळलं तर नोकरी, नाही कळलं तर गेली. आणि कळवायचं म्हणजे मला ते कसं माहीत, हेही सांगायचं. दोनदा नंबर लावला आणि कापला. मग शटर पूर्ण ओढलं, न्हावऱ्यापर्यंत एसटीनं गेले, तिथनं पुढं जीप. उसाच्या ट्रॅक्टरमागं जीप अडकली की मला बरं वाटायचं, तेवढाच उशीर. परत घड्याळ बघून जीव टांगणीला लागायचा.

जाऊ ओट्यापाशी दूध तापवत होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की मी उंबऱ्यातच थांबले. "अक्का, न सांगता? बसा बसा." पुतणी आतल्या खोलीतनं आली, पाया पडली.

मी उभ्याउभ्याच बोलले. पोरीची निवड झालीय, उद्या चारच्या आत कागद घेऊन कंपनीत जायचंय. बुधवारी मेल आला होता. मी उघडला नाही, पण वरची ओळ वाचली होती. आता मेलच चोरीला गेलाय, माझ्या चुकीनं.

जावेनं गॅस बारीक केला. "बुधवारी," ती म्हणाली.

"व्हय."

"शुक्रवारी मी फोन केलता."

"व्हय."

"तुम्ही संशयाचा हाय म्हणला हुता."

"तसं नव्हतं," मी म्हणाले. "मला ठाऊक हुतं खरा हाय म्हणून. माझ्या पोरीचं झालं न्हाई आन् तुझ्या पोरीचं झालं, ते मला सोसलं न्हाई. बस, एवढंच हाय."

पहिल्यांदा बोलले ते मी आयुष्यात. वीस-बावीस वर्षं पोटात होतं.

ती ओरडेल, हात धरून बाहेर काढेल, अशी मी तयारी करून आले होते. खरं तर तशी आशाच होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर निदान तेवढ्यापुरती मी तिच्या बरोबरीला आले असते. तिनं दूध उतरवून ठेवलं. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. मग पोरीला म्हणाली, "कागद काढ सगळे. आजच निघ. राती अक्कांकडं झोप, सकाळी लवकर कंपनीत पोचशील." आणि मला म्हणाली, "मी पत्रिका उघडली ती कुणी दुखावू नये म्हणून. फसले. पण अक्का, तुमच्यासारखं मला जमलं नसतं."

तिनं ते टोमणा मारून म्हटलं नाही. म्हणूनच लागलं.

पुतणी माझ्या शेजारी बसून तळेगावपर्यंत आली. कागदांची पिशवी तिनं वाटेत एकदाही हातातनं सोडली नाही. मंगळवारी सकाळी मी तिच्याबरोबर रांजणगावला गेले आणि गेटवर, मग आत साहेबांसमोर, मीच सांगितलं की मेल माझा, चूक माझी, पोरीला काही माहीत नव्हतं. साहेबांनी यादी बघितली. नाव होतं. पडताळणीची संस्था खरीच होती. "शंका आली तर फोन करायचा ना, बाई," ते म्हणाले. मी म्हणाले, "व्हय साहेब, चुकलं." अकरा वाजायच्या आत कागद जमा झाले.

परतल्यावर मी घरोघर गेले. आप्पांकडं, चाचीकडं, कॉलेजच्या पोरांकडं. दुकानाच्या मेलवरून काही आलं तर हात लावू नका, आणि यापुढं ज्याचा त्याचा मेल ज्याच्या त्याच्या फोनवर. चाची एवढंच म्हणाली, "आपसे भी होता है क्या ऐसा?" मी म्हटलं, माझ्यानंच होतं.

पुतणी आता आमच्याकडंच राहते. केडगावहून रोजचं जाणं-येणं झेपत नाही, म्हणून जावेनं फोन केला, "आठवडाभर तुमच्याकडंच राहूंद्या तिला, अक्का, सुट्टीला यील घरी." मी म्हटलं, राहू दे. रोज सकाळी मी तिचा डबा भरते, ती कंपनीची बस धरायला जाते, आणि माझी लेक खिडकीतून तिला हात करते. दोघी पुढच्या भरतीची तयारी करतात. माझ्या पोटात अजून दुखतं, खोटं कशाला सांगू. डबा भरताना भाजी मात्र मी दोघींना सारखीच वाढते.

ती राहायला आली त्याच दिवशी तिचा स्वतःचा मेल काढायचा होता. तिनं दुकानातल्या कॉम्प्युटरवरच काढायला घेतला. नाव टाकलं, नंबर टाकला, तो तिचाच आहे ना हे मी दोनदा विचारलं. पासवर्डचा रकाना आला तेव्हा मी म्हणाले, "थांब, मी तिकडं तोंड करते."

"मोठी आई," ती म्हणाली, "बघितलंस तरी चालंल."

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. समोर माझ्याच अक्षरातला तो कागद होता. मागं तिची बोटं चालायची थांबली, "झालं," ती म्हणाली, तरी बराच वेळ मला वळता आलं नाही.